गॅरेजमधले चार अमेरिकन

जगाच्या पार दक्षिण टोकाच्या या देशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातल्या आमच्या घराला दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधीच उभी राहिली नाही. तिथे चार अमेरिकन राहायचे. बाबांनी इंटरनेटवरून त्यांचे काळे-पांढरे फोटो शोधले, मोठे छापून आणले, लॅमिनेट केले आणि ओळीने भिंतीवर लावले. पहिल्या माणसाने महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी बटाट्याच्या शेतांवर एकसारख्या घरांची गावंच्या गावं उभी केली होती. दुसरा चर्चमधला प्रवचनकार. चांगला विचार करा, वाईट तोंडातून काढूच नका, सगळं नीट होतं, असं त्याने अख्ख्या देशाला पटवलं होतं. तिसऱ्याने रस्त्याकडेच्या एका हॅम्बर्गरच्या दुकानाची देशभर हजारो दुकानं केली. चौथी बाई होती. ती घरोघरच्या बायकांना चहाला जमवून प्लास्टिकचे डबे विकायची आणि तिच्यामुळे हजारो गृहिणी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईच्या झाल्या. बाबांच्या मते आजची अमेरिका या चौघांनी घडवली, आणि मनावर घेतलं तर आपलं घरही त्यांच्याच पद्धतीने घडेल. त्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांना पुरून उरेल इतकी प्रसिद्धी मिळाली. माझ्या आईला मिळाली नाही, आणि हे प्रकरण तिच्या शेवटच्या वर्षाचं आहे.

आईने आपल्यापुरती त्यांची बारशी केली होती. घरवाला, पाद्री, वडापाववाला आणि डबेवाली. गॅरेजमध्ये कपडे वाळत टाकायला गेली की ती म्हणायची, "मनू, बघ गं, तुझ्या बाबांनी आणलेले माझे तीन सासरे आणि एक सासूबाई. कशी नजर ठेवून आहेत माझ्यावर." बाबा ऐकत असले तर हसायचे. तेव्हा ते हसायचे, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढच्या पानांत ते फारसे हसताना दिसणार नाहीत.

हे चौघे घरात कसे आले ते सांगायला हवं. फ्लॅट बुशच्या आधी आम्ही त्याच शहरातल्या माउंट रॉस्किलमध्ये एका भाड्याच्या घरात राहायचो. पुण्यात चांगला इंजिनिअर असलेला माझा बाप तिथे पहिलं वर्षभर गोदामात खोकी उचलत होता, कारण प्रत्येक मुलाखतीत त्याला इथला अनुभव नाही असं सांगायचे. ते घर इतकं ओलं होतं की कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी यायची. आई व्हिनेगरच्या फडक्याने ती पुसायची आणि आठवड्याने ती पुन्हा यायची. हवेतलं पाणी ओढून घेणारं एक मशीन दिवसभर घरघरत असायचं. माझ्या बालपणाचा आवाज विचाराल तर तो हाच. त्या घरघरीतच आई थालीपीठं थापायची. तव्यावरचा तो खमंग वास आणि ओल्या भिंतींचा कुबट वास माझ्या नाकात अजून एकत्र बसले आहेत. बाबा कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. आई माझ्याकडे बघून उगाच हसायची आणि मला तिच्या त्या हसण्याची भीती वाटायची.

आमच्याकडे जपानहून आलेली जुनी गाडी होती. तिच्या रेडिओवर इथली स्टेशनं फारशी लागायची नाहीत, पण कॅसेट चालायची. जुन्या वस्तूंच्या एका धर्मादाय दुकानात बाबांना कॅसेटींचं एक खोकं मिळालं. त्यात तो पाद्री होता. जाडसर, गोड, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा आवाज. बाबा रोज मोटरवेवर तो आवाज ऐकत गोदामात जायचे, तोच ऐकत परत यायचे, आणि हळूहळू भिंतीकडे तोंड करून पडणं थांबलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून ते मुलाखतींना जायला लागले आणि एक दिवस त्यांना नोकरी लागली. त्या आवाजाने माझ्या बापाला उभं केलं हे मी कधीच नाकारलं नाही. पुढे त्याच आवाजाचा मला इतका राग आला की आजही कुणी उगाच उत्साहाने बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. दोन्ही खरं आहे.

नोकरीनंतर काही वर्षांनी फ्लॅट बुशला नवं घर झालं. तिथली सगळी घरं एकसारखी, करडी कौलं, करडी दारं. बाबा गॅरेजमध्ये घरवाल्याच्या फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "बघ मेधा, डिट्टो आपली कॉलनी." आई म्हणाली, "म्हणूनच मी दाराला तोरण लावलंय. नाहीतर तू भलत्याच घरात जेवायला जाशील." आम्ही शहराबाहेरच्या पुकेकोहे गावी कांदे-बटाटे आणायला जायचो तेव्हा बाबा त्या लाल मातीच्या शेतांकडे बघून खुशीत म्हणायचे की इथेही घरवाला पोचणारच. मला पुष्कळ वर्षांनी कळलं की त्या अमेरिकन घरवाल्याच्या करारात काळ्या माणसांना घर द्यायचं नाही असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. आमच्यासारख्यांचं तिथे काय झालं असतं ते सांगायला नको. आम्ही त्याच्या फोटोखाली बसून बेसनाचे लाडू खात होतो.

शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये आठ-दहा मराठी कुटुंबं जमायची. बाबांनी त्याला उभारी मंडळ असं नाव दिलं होतं. नवीन आलेली, नोकरी न मिळालेली, व्हिसाच्या काळजीने काळवंडलेली माणसं यायची. बाबा पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहीत त्यांना या चौघांच्या गोष्टी सांगायचे. एक नियम होता. कुणाच्याही तोंडून वाईट वाक्य निघालं की बाकीच्यांनी हवेत हात पुसल्यासारखा करून "कॅन्सल, कॅन्सल" म्हणायचं. हळूहळू तो नियम गॅरेजमधून घरात आला. परीक्षा वाईट जाईल, कॅन्सल. पाऊस थांबणार नाही, कॅन्सल. मी मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी, मी वैतागून म्हणायचे, "बाबा, दिस इज सो डम," आणि त्यावरही कॅन्सल.

आईने हे सगळं चालवून घेतलं याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. ती मिरजेची. तिच्या माहेरी वास्तुपुरुष घरभर "तथास्तु" म्हणत फिरतो अशी पक्की समजूत होती, म्हणून घरात वाईट बोलायचं नाही. दिवा विझवला असं ती कधी म्हणाली नाही, शांत केला म्हणायची. डब्यातले तांदूळ संपले असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. रिकामा डबा हातात धरून म्हणायची, "श्री, तांदूळ वाढलेत रे, येताना आण." बाबांनी पहिल्यांदा पाद्रीचं तत्त्व समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच ना? हा आमच्या मिरजेचाच दिसतोय." मिरज आणि अमेरिका असं दोन्हीकडून आमच्या घराचं तोंड बंद झालं, आणि तेव्हा ते आम्हाला फार छान वाटत होतं.

मी अकरावीला होते तेव्हा आई जेवेनाशी झाली. आधी तिखट बंद, मग पोळी बंद, मग वरणभाताचे चार घास. एकदा जेवताना ती म्हणाली, "मला हल्ली पाठीतून अशी कळ..." आणि बाबांचा चेहरा बघून थांबली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. माउंट रॉस्किलच्या भिंतीकडे बघणाऱ्या माणसाची भीती होती. आईने ती ओळखली आणि स्वतःच हवेत हात पुसून हसत म्हणाली, "कॅन्सल." बाबा म्हणाले, "हां, तेच. शरीर ऐकत असतं, मेधा." मग आम्ही फीजोआची कोशिंबीर खाल्ली. शेजाऱ्यांनी फीजोआची पेरूसारखी हिरवी फळं पिशवीभर दिली होती आणि आई त्यांची दह्यातली कोशिंबीर करायची. तिने ती चाखलीसुद्धा नाही.

हे लक्षात आलं ते नीलिमामावशीच्या. ती आमची माउंट रॉस्किलपासूनची मैत्रीण, शिकायला येऊन इथेच राहिलेली, एका सुपरमार्केटच्या बेकरीत काम करायची. एका शनिवारी चहाचे कप गोळा करताना आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत गेलेल्या तिने पाहिल्या. ती गॅरेजमध्येच म्हणाली, "मेधाताई, हे काय झालंय तुमचं?" कुणीतरी कॅन्सल म्हणालं. मावशी त्याच्यावर खेकसली, "गप्प बसा हो," आणि सोमवारी सुट्टी काढून स्वतः आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. मग हॉस्पिटल, सुया, स्कॅन. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरीण बाई शांतपणे सगळं बोलली. बरं करता येणार नाही, पण दुखणं कमी ठेवता येईल, आणि वेळ फार नाही. मी तिथे होते. परतताना लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "हे शब्द आपण घरात न्यायचे नाहीत." आई लिफ्टच्या आरशात माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मग कुठे ठेवायचे, श्री?"

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी आजारापेक्षाही वाईट म्हणेन. बाबा दिवसभर गोड आवाजात बोलायला लागले. आईला वांती झाली की "बॉडी क्लीन होतेय" म्हणायचे. आई सुकत चालली की "लाइट दिसतेस" म्हणायचे. पुण्याहून मामाचा फोन आला की आईच्या हातातून घेऊन सांगायचे, एकदम झकास आहे, दिवाळीनंतर आम्हीच येतो. आईच्या डोळ्यांत येऊन थांबलेलं काहीतरी मी रोज बघत होते, आणि ते बोलायला तिला चार खोल्यांच्या त्या घरात जागा नव्हती. तिला मरणाची भीती होतीच, पण तिला हेही भय होतं की ती मरत असल्याचं तिच्या माणसांपैकी कुणाशीही न बोलता मरेल. हे मी नंतर जोडलेलं नाही. तिनेच मला तिच्या शब्दांत सांगितलं.

शेवटच्या दुखण्यात घरी येऊन काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स यायची, आरोहा नावाची, धिप्पाड, मोठ्याने हसणारी. दारातून "किया ओरा, मेधा" असा इथला नमस्कार करत यायची आणि आईच्या शेजारी बसून विचारायची, "हाउ आर यू, रिअली?" स्वयंपाकघरातून बाबा उत्तर द्यायचे, "शी इज डुइंग ग्रेट!" एक दिवस आई अंगावर शाल ओढून म्हणाली, "आरोहा, कॅन वी सिट इन युअर कार?" त्या दोघी आमच्या ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या. मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. आईचे ओठ भराभर हलत होते. ती हात उडवून बोलत होती, मध्येच रडत होती, आरोहा मान हलवत होती. त्यानंतर हा रिवाजच पडला. आरोहा आली की आई रबरी जँडल्स पायात सरकवून बाहेर जायची.

मी तिला विचारलं, "आई, व्हॉट डू यू टॉक अबाउट?"

"वाईट वाईट," ती म्हणाली. "घरात नको म्हणून बाहेर टाकून येते. कचऱ्यासारखं."

"यू कॅन टेल मी."

"तुला सांगते की. पण तुझ्या बाबांना सांगायचंय गं मला. वीस वर्षं त्याला सगळं सांगितलंय. आणि आता एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि ते मी एका नर्सला सांगतेय. माझ्याच माणसाशी न बोलता जाणार की काय मी?" तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि मला तो सोडून पळून जावंसं वाटत होतं. मी सोडला नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मंडळ नेहमीपेक्षा मोठं भरलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून बाबांनी सगळ्यांना मेधासाठी चांगला विचार करायला बोलावलं होतं. घरोघरच्या बायकांनी चकल्या आणि बटाटेवडे आणले होते. आईला उशा लावून गॅरेजमधल्या सोफ्यावर बसवलं होतं. तिने मोरपिशी साडी नेसली होती आणि नीलिमामावशीने निऱ्या चार ठिकाणी पिना लावून घट्ट केल्या होत्या. बाबा फळ्यापुढे उभे राहिले. पाद्रीच्या प्रवचनांनी किती आजारी माणसं उठून बसली ते सांगितलं, आणि मग आईकडे हात करून म्हणाले, "आणि ही आपली मेधा. डॉक्टर काय वाटेल ते म्हणोत. शी इज विनिंग." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई म्हणाली, "श्री, मी बोलू दोन मिनिटं?"

बाबा आनंदाने बाजूला झाले. आई उठली नाही, बसूनच बोलली. "मी दुपारी पडल्यापडल्या लॅपटॉपवर त्या डबेवालीची फिल्म बघितली. श्री तुम्हाला सांगतो ना, तिने कसे डबे विकले, कसं सगळ्यांना हसवलं. ते खरंच आहे. पण पुढे कंपनीच्या मालकाला ती नकोशी झाली आणि त्याने तिला काढून टाकलं. हातात जवळजवळ काहीच दिलं नाही. तिचं नावसुद्धा काढलं सगळीकडून. हा भिंतीवरचा फोटो त्याच्या आधीचा आहे. नंतरचा फोटो कुणी लावत नाही." ती दम घ्यायला थांबली. गॅरेजमध्ये एक मूल चकली कुरकुर खात होतं तेवढाच आवाज. "मला तुमच्यापैकी कुणाचा उत्साह मोडायचा नाहीये. पण मी बरी होणार नाही. मी मरणार आहे, थोड्या दिवसांत. मला हे एकदा माझ्या घरात मोठ्याने म्हणायचं होतं. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे."

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी, सवयीने, अगदी हळू आवाजात म्हणालं, "कॅन्सल."

आई त्या दिशेने बघून हसली. रागाने नाही. "नाही हो," ती म्हणाली, "होत नाही ते."

बाबा फळ्याशेजारी उघडा मार्कर हातात धरून उभे होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर निळी शाई उमटत होती आणि त्यांना कळत नव्हतं. नीलिमामावशी उठून आईजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. एकेक माणूस उठला. कुणी आईच्या पाया पडलं, कुणी नुसतंच बाहेर गेलं. वडे तसेच राहिले. बाबा आत गेले आणि रविवारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, आता सगळं संपलं, आता ते आईलाही सोडून देतील.

सोमवारी आईच्या पोटात साठलेलं पाणी काढायला हॉस्पिटलमध्ये जायचं होतं. जुनी गाडी अजून तीच होती. आई पुढे, मी मागे. मोटरवेला लागल्यावर बाबांनी सवयीने कॅसेट आत ढकलली. तो जाडसर गोड आवाज सुरू झाला. आईने डोळे मिटले आणि खिडकीकडे मान वळवली. आवाज थोडा वेळ चालला. मग बाबांनी बटण दाबून कॅसेट बाहेर काढली आणि दारातल्या खणात टाकली. गाडीत नुसता टायरांचा आवाज राहिला.

"मेधा," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुखतंय का गं?"

"हो."

"खूप?"

"खूप दुखतं, श्री. आणि मला फार भीती वाटते."

बाबांनी पुढच्या वळणावरून गाडी मोटरवेवरून खाली घेतली आणि एका डेअरीपुढे थांबवली. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं साधं किराणा दुकान, दारात आइसक्रीमचा बोर्ड. तिथे माझा बाप स्टिअरिंगवर कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला, आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने बोलायला सुरुवात केली. तिला कशाची भीती वाटते, तिला काय नको आहे, मला काय शिकवायचं, थालीपिठाच्या भाजणीत धणे किती भाजायचे, सगळं. बाबांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. हॉस्पिटलला पोचायला आम्हाला उशीर झाला. मी आयुष्यात कशासाठी कृतज्ञ असेन तर त्या उशिरासाठी.

पुढचे आठवडे ते दोघं सतत बोलत होते. घरात, दारं उघडी टाकून. आरोहा आली की आता आत बसायची. ते आठवडे फार थोडे होते, आणि ते आधीपासून मिळाले असते याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आता मी मोठी झाले आहे, तरी गेलेला नाही. डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, फीजोआ धरायच्या आधी, आई गेली. शेवटी बाबा तिच्या उशाशी होते आणि त्यांनी तिला बरी होशील असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "मी इथेच आहे."

बाबांनी घरवाला, पाद्री आणि वडापाववाला उतरवून कचऱ्यात टाकले. डबेवालीला हात लावला नाही. मंडळातली माणसं कधीमधी डबे आणून द्यायची, मग तेही थांबलं. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी अभ्यास करत होते आणि बाबा कुकर लावायला म्हणून उठले. त्यांनी तांदळाचा डबा उघडला, तळाशी हात घातला आणि डबा तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते आईसारखं "वाढलेत" म्हणतील. मी वाट बघितली.

"तांदूळ संपले," बाबा म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. घरात कुणीच "कॅन्सल" म्हणालं नाही, आणि "तथास्तु"ही नाही.